थरोळा कुणाच्या घरचा

उत्तरेश्वरला थरोळा कुठून आला म्हणून विचारायचं म्हणजे घड्याळ सोडून कोंबड्याला टाइम विचारायचा. सांगणार नक्की, चुकीचं सांगणार, आणि वर मान ताठ करून सांगणार. तलाठ्याला त्यानं सांगितलं होतं की रझाकारीत एक पठाण गावात लपला होता, त्यानं जाताना शिकवला. गुरुजींना सांगितलं की ही मूळची बैलाची पेंड. एका मानी बैलानं तोंड लावलं नाही म्हणून माणसांनी खाऊन बघितली. गुरुजींनी ती गोष्ट पंधरा ऑगस्टच्या भाषणात घातली, आणि उत्तरेश्वर पहिल्या रांगेत बसून सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवत होता.

त्याची भावजय छबुबाई एरवी असल्या गोष्टींना तोंडाला पदर लावून हसायची. यंदा तिला हसू येत नव्हतं. 

ज्यांनी थरोळा खाल्ला नाही त्यांचं नशीब खोटं, पण सांगायला तर पाहिजे. खाली गूळ करपवून लाल केलेल्या पिठाची जाड पोळी. तिच्यावर भाजलेलं पीठ, शेंगदाणे आणि गुळाचा कोरडा भुगा. वर परत पोळी, परत भुगा, परत पोळी. मग फडक्यात बांधून वर दगड ठेवून दाबायचा, आणि तव्यावर, झाकणावर इंगळ टाकून, मंद आचेवर भाजायचा. वड्या कापल्या की थर असे दिसतात, जसे बोअर घेताना मातीचे रंग बदलत जातात. फरक एवढाच, की थरोळ्यात खाली काहीतरी लागतं.

दिंद्रुडपासनं कच्च्या रस्त्यानं आत गेलं की हे गाव. गावातल्या अकरा बायांनी मिळून महिला गृहउद्योग सहकारी संस्था काढली होती, आणि छबुबाई तिची चेअरमन. संस्था म्हणजे काय, तर सेवा सोसायटीचं खताचं जुनं गोदाम, त्यात तीन चुली, आणि दारावर रंगवलेली पाटी. गोदाम सोसायटीचं, पण सोसायटीचे चेअरमन सुंदरराव, सगळे त्यांना आबा म्हणायचे, आणि किल्ली त्यांच्याकडं. किल्ली आणि मालकी यात गावात कुणी फरक करत नव्हतं.

तर बीडच्या एका मोठ्या सहकारी भांडारानं कळवलं होतं, की गावाकडचा एक पिढीजात पदार्थ आम्ही बारमाही विकायला ठेवू. अट दोनच. गावात तीन पिढ्यांनी केलेला असावा, आणि तो कुठून आला ते गावानं एका तोंडानं सांगावं. मागं कुठल्याशा चटणीवरनं दोन घरं कोर्टात गेली होती, तेव्हापासनं भांडारानं कानाला खडा लावला होता. वाद दिसला की पदार्थ बाद. गुरुवारी भांडाराच्या बाई स्वतः यायच्या होत्या.

आणि आबांनी फोन करून ठेवला होता, की थरोळा आमच्या घरचा हाय, आमच्या आईच्या हातचा.

छबुबाईला भांडाराच्या काउंटरचं कौतुक नव्हतं. तिला शिवकन्याची काळजी होती. शिवकन्या तिची सून, सातवा महिना लागलेली. पाऊस सलग दुसऱ्या वर्षी तोंड दाखवून गेलेला, रानात ढेकळं, त्यामुळं दसरा झाला की ऊसतोडीचा ट्रक भरणार. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. अर्धा कोयता मुकादम नेत नाही. म्हणजे छबुबाईचा लेक गहिनीनाथ गेला की शिवकन्या गेली, आणि शिवकन्या गेली की बाळंतपण फडाच्या कडेला, उसाच्या पाचटानं शाकारलेल्या कोपीत. छबुबाईचं स्वतःचं पहिलं तिथंच झालं होतं. ते लेकरू गावाला परत आलं नव्हतं.

थरोळा बारमाही विकला गेला तर घर इथंच राहणार होतं. एवढंच होतं. पण एवढं सगळं होतं.

तिनं आधी सासूला धरलं. भिवराबाई, वय सत्तरीच्या पुढं, काठी टेकत चालायची पण जीभ बिनकाठीची. तिचं म्हणणं तीस वर्षं एकच होतं: निजामाच्या राज्यात अंबाजोगाईला एक जहागीरदार होता, त्याच्या मुदपाकखान्यात आपली मावशी होती, आणि थरोळा तिथला. खालची पोळी लाल का? तर तिथं केशर घालायचे, आपण गरिबांनी गूळ करपवला.

छबुबाईनं विचारलं, जहागीरदाराचं नाव काय. सकाळी एक नाव आलं, संध्याकाळी दुसरं. मावशी तर दुपारी आत्या झाली. 

"आत्याबाई," छबुबाई कावून म्हणली, "बाई असंच इचारणार हायत. तुमी तिथं बी दोन नावं सांगितली तर पोरीला ट्रकात बसवावं लागंल."

म्हातारी भिंतीकडं तोंड करून बसली. तिथनंच भिंतीला म्हणली, "गीतीला इचार. जिती आसंल तर."

गीताबाई, सासूची तरुणपणची मैतरीण, जिती होती. अंबाजोगाईला लेकीकडं. छबुबाई दुसऱ्या दिवशी दिंद्रुडला पायी गेली, येष्टी धरली, आणि धारूरचा घाट चढताना एका हातानं दांडा आणि दुसऱ्या हातानं डबा सांभाळत राहिली. डब्यात थरोळा. शेजारची बाई म्हणली, पाहुण्याकडं का. छबुबाईनं मान हलवली. तिला सांगता आलं नसतं, की आपण जो पदार्थ लग्नापासनं करतोय तो कुणाचा आहे ते विचारायला चाललोय. माणसं असल्या गोष्टीसाठी जमिनीचा उतारा काढतात, वडीचा कुणी काढत नाही.

गीताबाई बाजेवर बसली होती. दात गेलेले, डोळे शाबूत. तिनं वडी हातात घेतली, हुंगली, आणि पोळी न खाता बोटानं आतला भुगा काढला. तेवढाच खाल्ला. पोळ्या डब्यात परत टाकल्या.

छबुबाईनं केशराचं विचारलं तशी ती एवढी हसली की लेक पाणी घेऊन धावली.

"केसर कशाचं. मिलो व्हती ती," गीताबाई म्हणली. "भात्तरच्या दुस्काळातली. लाल ज्वारी, अमेरिकंची. भाकर केली की इटकरीवानी दिसायची, अन् लागायची बी तशीच."

मग तिनं एकेक करून सांगितलं. बहात्तर साली सगळं गाव रस्त्याच्या कामावर खडी फोडत होतं. कामावर सुकडी वाटायचे, गोड भुगा, पण ती तिथंच खायची, घरी न्यायची नाही असा दंडक. लेकरं घरी. आईच्या घशाखाली उतरती व्हय? मग बाया घरनं आणलेल्या मिलोच्या दोन भाकरींत सुकडी पसरायच्या, वर तिसरी ठेवायच्या, फडक्यात बांधायच्या, आणि सांडू नये म्हणून वर खडीचा दगड ठेवून दिवसभर दाबायच्या. उन्हानं गूळ पाघळायचा, सगळं चिकटून एक व्हायचं. संध्याकाळी बघणाऱ्याला वाटावं, उरलेल्या भाकरी चालल्यात.

"आमी कुठं पदार्थ केला?" गीताबाई म्हणली. "आमी लपिवलं व्हतं."

आणि फडकी कोण तपासायचं, हे विचारल्यावर ती दाराकडं बघून हळू बोलली. हजेरीवर आबांचे वडील होते, बापूसाहेब. त्यांनी एका शनिवारी भिवराचं फडकं उघडलं, तोडून चाखलं, आणि ठेवून घेतलं. पुढच्या शनिवारी दुसरं कुणाचं बघितलं नाही, सरळ भिवराचंच मागितलं. कारण भिवराचा हात सगळ्यांत चांगला होता. काम संपेपर्यंत दर शनिवारी ते फडकं वाड्यावर गेलं, आणि भिवरा मोकळ्या हातानं घरी. धाकटं पोरगं उंबऱ्यावर बसून वाट बघायचं.

धाकटं पोरगं म्हणजे उत्तरेश्वर.

येष्टीत परत येताना छबुबाईनं हिशोब मांडला तो असा: सासू, आपण, सून, तीन पिढ्या बरोबर होतात. पण हे खरं सांगायचं म्हणजे भर गावात आबांचा बाप चोर ठरवायचा. आबा गप बसणार नाहीत, वाद होणार, आणि वाद झाला की बाद. नाही सांगायचं, तर थरोळा आबांचा. मग खोक्यावर त्यांच्या आईचं नाव, आणि चुलीवर त्यांच्या मर्जीतल्या बाया. दोन्हीकडनं ट्रक दारात उभा. शिवाय म्हातारी. जिनं तीस वर्षं त्या भाकरीवर केशर शिंपडलं, तिच्या अंगावरनं ते चार लोकांत कसं पुसायचं?

घाट उतरताना ड्रायव्हरनं ब्रेक दाबला आणि डबा निसटून पार पुढं गेला. उचलायला ती उठलीच नाही. कंडक्टरनं आणून दिला.

गावात उतरली ती घरी न जाता आबांकडं गेली. वाटेत तिनं चार वेळा वाक्य जुळवलं. ओसरीवर आबा आरामखुर्चीत पेपर वाचत होते. सोसायटीची निवडणूक तोंडावर आलेली, त्यामुळं माणूस गोडीत होता. बस म्हणले, चहा सांगितला. आणि छबुबाईचं वाक्य बाहेर यायच्या आत स्वतःच थरोळ्याचं सुरू केलं. आपण तेव्हा हायस्कूलला होतो, दुष्काळात शाळेचं वसतिगृह बंद पडलं, घरी आलो, आणि तेव्हा जो थरोळा खाल्ला तसा पुन्हा जगात कुठं मिळाला नाही. बोलताना त्यांचा आवाज खरंच ओला झाला. या माणसाला काही माहीत नाही, हे छबुबाईच्या ध्यानात आलं, आणि तिला जास्तच भीती वाटली. ठाऊक असलेल्या माणसाशी भांडता येतं.

तिनं एवढंच विचारलं, "आईसाहेब कशा करायच्या वं?"

"आई? आई म्हंजी..." आबा थांबले. "करताना बघितलं न्हाई म्या. शनवारी बापू कामावरनं आले की त्यांच्या हातात असायचं. फडक्यात. ते फडकं बी आठवतंय मला, ठिगळाचं..."

 वाड्यात ठिगळाचं फडकं कुठनं येणार? हा प्रश्न दोघांनाही एकदमच पडला. चहा आला. दोघांनी बशीत ओतला आणि बशीकडंच बघत प्याला.

"बाई येऊ दे," आबा शेवटी म्हणले. "बगू."

त्याच दिवशी दिवस मावळायला आबांचा गडी आला आणि गोदामाला कुलूप लावून किल्ली घेऊन गेला. सोसायटीला माल उतरवायचाय म्हणे. दोन वर्षांत सोसायटीत गोणी आली नव्हती.

छबुबाईनं उत्तरेश्वरला सगळं सांगितलं, कारण त्याला गप बसवायला दुसरा उपाय नव्हता. उद्या तोंड उघडून पठाण नाही तर बैल काढला तर संपलं. तिला वाटलं होतं तो काहीतरी चावट बोलेल. तो ऐकत राहिला, मग चप्पल घालून बाहेर गेला, आणि जेवायला आला नाही.

गुरुवारी बाई आल्या त्या नेमक्या टँकरच्या पाठोपाठ. गोदामासमोर लिंबाखाली सतरंजी टाकलेली, अकरा बाया नव्या साड्या नेसून बसलेल्या, आणि टँकरचा हॉर्न वाजला तशी संस्थेची सर्वसाधारण सभा कळश्या घेऊन पळाली. सतरंजीवर उरल्या दोघी, छबुबाई आणि पोटामुळं उठता न आलेली शिवकन्या. बाई शहाण्या होत्या. म्हणल्या, पाणी भरून येऊ द्या, मी थांबते. दार बंद, चुली आत, म्हणून छबुबाईनं पहाटे घरच्या चुलीवर केलेल्या वड्या पुढं ठेवल्या. 

बाया परत आल्या. आबाही आले, पांढरे कपडे, खिशावर किल्लीचा आकार दिसत होता. उत्तरेश्वर सतरंजीच्या कडेला बसला आणि जमिनीवर काडीनं रेघा ओढायला लागला.

बाईंनी वडी खाल्ली, चांगली आहे म्हणल्या, आणि विचारलं, "मग हा पदार्थ गावात आणला कुणी?"

आबांनी घसा खाकरला. छबुबाईनंही श्वास घेतला. दोघांनी एकमेकांकडं बघितलं आणि दोघंही थांबले. बाईंची नजर इकडून तिकडं फिरली. असल्या गप्पपणाचा वास त्यांना चटणीच्या वेळेपासनं ठाऊक असणार. त्यांनी पेनाला टोपण लावलं. छबुबाईला ते टोपण बसल्याचा आवाज कानाच्या आत ऐकू आला.

"कुणी आणला न्हाई," मागनं आवाज आला. "हितंच झाला."

भिवराबाई. तिला कुणी बोलवलंच नव्हतं. काठी टेकत आली, शिवकन्याच्या खांद्याला धरून खाली बसली, आणि कुणाची परवानगी न घेता सुरू झाली. बहात्तर साल. खडी. मिलो. सुकडी लपवायची. दगडाखाली दाबायची. केशर नाही, जहागीरदार नाही. बाईंनी पेन पुन्हा उघडलं. छबुबाई मनात मोजत होती, आता बापूसाहेब येणार, आता येणार. आबांचा हात किल्लीच्या खिशावर गेला.

"आन् हेंच्या वडिलानं मला धरलं," भिवराबाईनं काठी आबांकडं केली.



"धरलं, फडकं सोडलं, एक तुकडा खाल्ला," म्हातारी म्हणली. "अन् मनले, जा भिवरा, लेकरं वाट बगत आसत्याल. बाकीचं फडकं माज्या हातात माघारी दिलं. मग दर शनवारी एक तुकडा न्यायचे, शाळेतनं पोरगं आलंय मनून. येकदा मनले, आज गूळ कमी पडलाय गं."

आधी बाई हसल्या, मग अकरा बाया. आबा हसले नाहीत. ते म्हातारीकडं बघत होते, आणि म्हातारी त्यांच्याकडं सरळ, पापणी न हलवता.

बाईंनी आबांना विचारलं, तुमचा काही दावा आहे का, फोनवर तुम्ही वेगळं म्हणाला होता.

"केला ह्यांनी," आबा म्हणले. "आमच्या घरात निस्ता आला." मग खिशातली किल्ली चाचपत, "बापू तसेच व्हते."

बाईंनी आणखी थोडं विचारलं, लाल रंग का, तर म्हातारी म्हणली मिलोच्या सवयीनं, दुसरं काय. तीन पिढ्या एका ओळीत बसवून फोटो काढला. आणि जीपमध्ये चढताना छबुबाईला म्हणल्या, मंजूर समजा, कागद पंधरा दिवसांत येईल. आबांनी किल्ली काढली, गोदामाच्या कुलपाला लावली आणि तशीच ठेवून, कुणाशी न बोलता, वाड्याकडं निघून गेले.

बाया नाचायच्या बाकी होत्या. छबुबाईच्या डोक्यात मात्र एकच शब्द अडकला होता: समजा. दसरा चार दिवसांवर, कागद पंधरा दिवसांवर.

घरी आल्यावर तिनं सासूला पाणी दिलं आणि विचारलंच. गीताबाई तर वेगळं सांगत होती.

"गीती खरं सांगतीया," भिवराबाई म्हणली. "येक तुकडा बी माघारी दिला न्हाई त्यानं."

"मग आत्याबाई तुमी..."

"मग काय. भर सभंत त्याच्या बापाला चोर मनले आसते, तर किल्ली खिशातच ऱ्हायली आसती. अन् ही पोर पाचटात बाळंत झाली आसती. मेलेल्याला चांगलं मनायला काय पडतंय?"

उत्तरेश्वर दारात उभा होता. कधी आला ते कळलं नव्हतं. त्यानं आयुष्यात पहिल्यांदा सरळ तोंडानं काही विचारलं असेल.

"आये, मला वाटायचं तूच वाटंत खाऊन येतीस."

म्हातारीनं तांब्या खाली ठेवला. "वाटू दिलं," ती म्हणली. "बापूसाहेबानं घेतलं मनून सांगितलं आसतं, तर तू ल्हानपणीच दगूड घेऊन वाड्यावर गेला आसतास. मग तुला कुणी सोडवायचं?"

तो आत आला, ताटलीतली उरलेली वडी उचलली, बघितली, आणि खाल्ली नाही. शिवकन्यापुढं ठेवली.

दिवेलागणीला बंकट मुकादम आला. मोटारसायकल चालूच ठेवून, एक पाय खाली टेकवून बोलायची त्याची पद्धत होती. त्याला सगळं आधीच कळलं होतं. अभिनंदन म्हणला. मग म्हणला, वैनी, कागदाचं कागदाच्या ठिकाणी, ट्रकात जागा धरून ठिवू का? आज सांगा, उद्या पाटोद्याचा दुसरा कोयता यायलाय त्या जागेवर. एकदा जागा गेली की यंदाचा हंगाम गेला.

गहिनीनाथ आईकडं बघत होता. शिवकन्या दाराआड होती, तिच्या बांगड्या वाजल्या. खरं सांगायचं तर भांडारानं नाही म्हणलं असतं तर छबुबाईला आता सोपं गेलं असतं. नाहीवर माणूस ट्रकात बसतो. समजावर काय करायचं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

"आमचा कोयता यंदा न्हाई," ती म्हणली.

"समजावर किती दिस जेवताल वैनी?"

"त्ये आमी बगू. गहिनी टँकरवर जाईल."

"टँकरवाल्यानं हो म्हणलंय?"

"इचारायचंय."

बंकटनं मान हलवली, गिअर टाकला आणि गाडी वळवली. पोरगा काहीतरी बोलायला लागला होता, तिनं हातानंच थांबवलं. ती अंगणात उभी राहिली. गाडीचा आवाज आधी लिंबापाशी, मग शाळेपाशी, मग पुलापाशी आला. पुलापर्यंत हाक ऐकू जाते, हे तिला ठाऊक होतं. तिनं दोन्ही हातांनी पदराचं टोक तोंडात धरलं, आणि गाडी पूल ओलांडून जाईपर्यंत सोडलं नाही.